उंबऱ्याच्या आतलं बेसिन

माझ्या माघारी मला ‘साबणवाली’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. पण लिफ्टपाशी, चहाच्या टेबलाशी, कपडे बदलायच्या खोलीत तो शब्द अधूनमधून कानावर येतो आणि मी न ऐकल्यासारखं करते. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नाही. शिक्षकाच्या घरात वाढलेली मुलगी मी, आमच्या वडिलांनाही शाळेतली पोरं काहीबाही म्हणायची आणि ते घरी येऊन आम्हाला हसत हसत सांगायचे.

नगर शहरातल्या एका मध्यम हॉस्पिटलात मी नवजात बाळांच्या विभागाची इनचार्ज सिस्टर आहे. आता पाट्यांवर अहिल्यानगर आलं आहे, पण माझ्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडात अजून नगरच. रोज सकाळी केडगावहून स्कूटीवर येते. आमच्या विभागाला खेड्यापाड्यातले लोक ‘पेटी’ म्हणतात. बाळ वेळेआधी झालं, वजन भरलं नाही, कावीळ झाली की ‘पेटीत ठेवलंय’ असं गावाकडे फोनवर सांगतात. ऐकणारा घाबरतो, आणि घाबरावंच, कारण त्या पेटीतल्या बाळाला साध्या जंतूशीही लढता येत नाही. तो जंतू बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातावरून येतो. म्हणून माझं सगळं लक्ष हातांवर.

हातांसाठी मी काय काय भांडले नाही! आधी घड्याळं उतरवली. मग अंगठ्या. मनगटातले काळे-लाल धागे उतरवताना एका सिस्टरने डोळ्यांत पाणी आणलं, कारण तिचा धागा तिच्या आईने बांधला होता. मी म्हटलं, पर्समध्ये ठेव, आईचं प्रेम पर्समध्येही टिकतं. सगळ्यात मोठं युद्ध बांगड्यांवरून झालं. नवीन लग्न झालेल्या पोरीला हातातला चुडा काढ म्हणणं म्हणजे काय, ते ज्याने म्हणून पाहिलंय त्यालाच कळेल. तिची सासू मला भेटायला आली होती. मी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि काचेतून एक बाळ दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून सून मोकळ्या हातांनी यायला लागली.

त्यानंतर धुण्याचं शिक्षण. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट. नळ कोपराने बंद करायचा, हात वर धरायचे, पाणी कोपराकडे गळू द्यायचं. बेसिन विभागाच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये होतं आणि मी तिथे पहारेकऱ्यासारखी उभी राहायची. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत, पण अंगठा विसरायचे. मी त्यांनाही सोडलं नाही. शेवटी अशी वेळ आली की आमच्याकडे जो तो सुरेख हात धुवायचा. बाहेरून पाहुणे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी कौतुक केलं आणि मी दिवसभर हवेत होते.

आणि तरीही त्या हिवाळ्यात आमची बाळं आजारी पडायला लागली.

एकाचं दूध बंद झालं, पोट फुगलं, अंग गार पडलं. मग दुसऱ्याचं तेच. औषधं बदलली, खोली रिकामी करून धुतली, टाकीतलं पाणी तपासायला पाठवलं. एअर कंडिशनरवर संशय घेतला, दुधाच्या वाट्यांवर घेतला. दोन बाळं गेली. त्यांच्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, लिहायला बसले की हात थांबतो. डॉक्टरांनी तेव्हा एक निर्णय घेतला, आणि मीही मान डोलावली: बाळांच्या आयांनी आत यायचं नाही. बाहेरून काचेतून बघायचं, दूध काढून द्यायचं, आम्ही पाजू. कारण बाहेरून काहीतरी आत येतंय हे नक्की होतं, आणि बाहेरचं म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर या बायकाच आल्या. शेतातून, एस. टी. तून, धुळीतून आलेल्या.

त्यांतच पारनेरकडची एक पोर होती. पोरच म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस राहिले होते आणि मुलगी फार लवकर झाली. एवढीशी. तळहातावर निजवली तर पाय मनगटावर यायचे. एकदा जंतुसंसर्ग होऊन ती जेमतेम सावरली होती आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिला आणखी एक धक्का झेपणार नाही. तिच्या आईलाही त्यांनी ते सांगितलं होतं, जरा मऊ शब्दांत. ती पोर दिवसभर काचेबाहेरच्या बाकावर बसायची. रडायची नाही. नुसती बघायची. तिने आपल्या लेकीला अजून हातात घेतलं नव्हतं.

त्या मुलीला पाजायच्या मावशी. मावशी म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या मदतनीस बाई. सोनईच्या, गळ्यात तुळशीची माळ, आवाज बारीक. कोरोनात सगळीकडे सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या तेव्हा त्यांनी एकदा वास घेतला आणि म्हणाल्या, ही तर दारू हाय, आणि बाटली खाली ठेवली ती ठेवलीच. साबणाने मात्र मनापासून धुवायच्या, त्यामुळे मी त्यांना कधी काही बोलले नाही. आणि हात! बोंडल्याने दूध पाजायची कला त्यांच्याकडून शिकावी. इतक्या लहान बाळाला चोखता येत नाही, गिळायचं आणि श्वास घ्यायचा याचा मेळ बसत नाही. चोच असलेली ती छोटी वाटी ओठांशी धरायची आणि थेंब थेंब, बाळाच्या मनाप्रमाणे. घाई केली की ठसका, ठसका लागला की बाळ निळं. ती पारनेरची मुलगी फक्त मावशींच्या हातून प्यायची. आम्ही बाकीच्या तिला पाजायला बसलो की एकदोन घोट आणि मग तोंड फिरवायची.

अशात मला सर्दी झाली. नाक गळत असताना आत जायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे मी स्वतःलाच बाहेर काढलं. घरी राहवेना म्हणून आले आणि पॅसेजमधल्या बाकावर त्या पोरीशेजारी, थोडं अंतर ठेवून, मास्क लावून बसले. सकाळची पाळी बदलायची वेळ होती. इतक्या वर्षांत मी ही वेळ कधी बाकावरून बघितली नव्हती. मी असायची बेसिनपाशी, नाहीतर आत.

पहिली सिस्टर आली. चप्पल काढली. बेसिनवर उभी राहिली. तळवे, पाठी, बेचक्या, अंगठा, सगळं मी शिकवलं तसं. नळ कोपराने बंद. हात वर. माझी छाती फुगली. मग ती दाराशी गेली, दार खांद्याने ढकललं, वाकली, उजव्या हाताची बोटं उंबऱ्याला लावली, कपाळाला लावली, छातीला लावली आणि आत जाऊन सरळ बाळाच्या दुपट्यात हात घातला.

मागून दुसरी आली. तिनेही तेच केलं. मग मावशी आल्या. त्या तर दोन्ही हात उंबऱ्यावर टेकवून क्षणभर डोळे मिटून थांबल्या. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी दुकानात शिरताना करतात तसा अर्धा वाकून, बोट टेकवल्या न टेकवल्यासारखा नमस्कार केला आणि स्टेथोस्कोप काढत आत गेले.

मी बघतच राहिले. हे काही नवीन नव्हतं. दर दसऱ्याला आम्ही आतल्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालतो आणि त्या उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढतो. मावशी रोज पाया पडायच्या, त्यांचं बघून बाकीच्यांना सवय लागली. मी स्वतः पडत नाही. माझा देव माझ्या देवघरात आहे, त्याला मी कामावर आणत नाही. पण दुसरीने नमस्कार केला तर त्यात बघायचं काय? कुणी शिंकलं तर मला दिसायचं, कुणी केसांना हात लावला तर दिसायचं. नमस्कार दिसत नव्हता.

आणि त्यांचंही चुकलं कसं म्हणू? आपल्या घरी काय शिकवतात? आधी हातपाय धुवा, मग देवाला नमस्कार करा. खरकट्या, मळक्या हातांनी कुणी उंबऱ्याला हात लावत नाही. म्हणजे माझ्या पोरी इतके स्वच्छ हात धूत होत्या ते त्या उंबऱ्यासाठीच म्हणायचं. आणि तो उंबरा कसला? काळ्या दगडाची पट्टी. तिच्यावरून ऑक्सिजनच्या नळकांड्याची चाकं जातात, धुण्याची ट्रॉली जाते, अख्ख्या मजल्याची फरशी पुसलेला पोछा फिरतो. बाळांच्या आयांना आम्ही बाहेर बसवलं होतं, आणि बाहेरचं सगळं बोटांवर घेऊन आत जात होतो आम्हीच.

माझा स्वभाव असा की डोक्यात आलं ते पोटात राहत नाही. मी उठले, दारात उभी राहिले आणि मास्कमधूनच तोफ डागली. हात धुता कशाला, त्या दगडाला लावायला? उद्यापासून ज्याला उंबऱ्याच्या पाया पडायचंय त्याने नोकरी मंदिरात बघावी. आणखीही बोलले. डॉक्टर मान खाली घालून उभे होते, सिस्टरांचे चेहरे पडले होते. मी कुणा एकीचं नाव घेतलं नव्हतं. ते बोलणं मला आजही चुकीचं वाटत नाही, ते व्हायलाच हवं होतं. पण बोलणं नको तिथे लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी विभागात आल्या नाहीत. रजा नव्हती. त्या कामावर आल्या होत्या, पण वरच्या ऑफिसात जाऊन कपडे धुण्याकडे बदली मागून बसल्या होत्या.

उंबऱ्याच्या नमस्काराचं म्हणाल तर माझ्या आरड्याओरड्याचा उपयोग शून्य झाला. मी समोर असले की कुणी वाकायचं नाही, आणि मी वळले की बोटं उंबऱ्याला लागायची. एक सिस्टर तर म्हणाली की पाया न पडता आत गेलं की दिवसभर चुकल्यासारखं होतं, आज कुठल्या बाळाचं काय होतंय असं वाटत राहतं. तिला झापायचं तरी कसं? ती देवाला त्या बाळांसाठीच काही मागत होती.

इकडे ती मुलगी उपाशी पडायला लागली. माझी सर्दी गेली तशी मी स्वतः बोंडलं घेऊन बसले, माझा हात चांगला आहे असा माझा समज होता. तिने एक घोट घेतला, दुसरा गालातून बाहेर काढला, तिसऱ्याला ठसका. ओठ निळे पडले. पाठ चोळून चोळून मी तिला सावरलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हणजे पुन्हा जंतूंना वाट. काचेच्या पलीकडे ती पोर उभी होती, दोन्ही तळवे काचेला टेकवून. मी बाहेर आले तेव्हा तिने मला एवढंच विचारलं, “सिस्टर, मावशी कुटं गेल्या? त्यांच्याकडून पीत हुती ना ती?”

मी गच्चीवर गेले. मावशी दोरीवरची दुपटी काढून घड्या घालत होत्या. मला बघून त्यांनी घड्या घालणं थांबवलं नाही. मी म्हटलं, मावशी, खाली चला, पोरगी दूध घेत नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, “ती दोन लेकरं गेली, सिस्टर. त्यांना शेवटचं दूध म्याच पाजलं हुतं. पाया पडून आत गेल्ते दोन्ही वेळेला.”

मी त्यांना सांगितलं की असं कुणालाच म्हणता यायचं नाही. पाया सगळेच पडत होते. जंतू कशावरून आला, कुणाच्या हातून आला, नळीवरून की सुईवरून, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी विचारलं होतं त्यांना. तुमच्यामुळेच झालं असं नाही.

मावशींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “मंग माज्या हातानं न्हाई झालं म्हना. येकदा म्हना.”

 ‘नाही झालं’ असं म्हणून टाकलं असतं तर त्यांना झोप लागली असती. पण ज्या बाईने आयुष्यभर त्या खोलीत काम केलं तिच्याशी तिथल्या बाळांबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळेना. मला खूप वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि एक दुपटं घडी घालायला घेतलं. 

मग मी म्हटलं की मला माहीत नाही, मावशी, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. पण खाली जी आहे ती भुकेली आहे हे मला माहीत आहे. आणि नळी घालावी लागली तर काय होईल तेही.

मावशी दुपट्याची कड बोटांनी सरळ करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “पाया पडल्याबिगर मला आत पाय टाकवायचा न्हाई. ह्या वयात न्हाई जमायचं.”

आणि तेव्हा मला, इतके दिवस हात या विषयावर भाषणं देणाऱ्या मला, कळलं की भांडण नमस्काराशी नव्हतंच. बेसिन चुकीच्या जागी होतं. मी मावशींना विचारलं, गावच्या महादेवाला जाता तेव्हा पायरीला हात लावता ना? लावते, म्हणाल्या. आणि मग त्याच हाताने पिंडीला शिवता? नाही, आधी हातावर पाणी घेते, पायरी सगळ्या गावाच्या पायाखालची असते. हे म्हणता म्हणता त्या थांबल्या.  त्यांनी दुपट्यांची चळत उचलली आणि माझ्याआधी जिना उतरायला लागल्या.

त्या दिवशी आमच्याकडे आतल्या बाजूला ना नळ होता ना बेसिन. मी स्वयंपाकघरातून तोटी असलेलं स्टीलचं पिंप मागवलं, ते उकळून गार केलेल्या पाण्याने भरलं, दाराच्या आत स्टुलावर ठेवलं आणि खाली टब. मावशी उंबऱ्याशी वाकल्या. दोन्ही हात टेकवले, डोळे मिटले. यावेळी जास्त वेळ लागला. मी घाई केली नाही. मग त्या आत आल्या, बाह्या वर केल्या आणि हात धुतले. तळवे, पाठी, बेचक्या, अंगठा, नखं. झाले असं मला वाटलं, तोच पुन्हा पहिल्यापासून धुतले. मग बसल्या, बोंडलं घेतलं. मुलीने पहिला थेंब जिभेवर घोळवला, गिळला आणि दुसऱ्यासाठी ओठ पुढे केले.

ऑफिसला माझ्या रोजच्या तगाद्यापासून सुटका हवी होती म्हणून असेल, पण प्लंबर लवकर आला आणि बेसिन दाराच्या आतल्या बाजूला बसलं. आता आमच्याकडे ज्याला पाया पडायचं त्याने खुशाल पडावं. उंबरा बाहेर, हात धुणं आत, आणि त्यानंतर बाळाशिवाय कशालाही हात नाही. डॉक्टरांचा अर्धा नमस्कारही चालू आहे. बाळं आजारी पडणं कमी झालं, थांबलं असं मी म्हणणार नाही. बाळांच्या आयांनाही आम्ही आत घ्यायला लागलो, आणि सगळ्यांत आधी त्या पारनेरच्या पोरीला घेतलं. तिला हात धुवायला शिकवायला मी पुढे झाले, तर तिने मला शिकवूच दिलं नाही. काचेतून बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं, अंगठ्यासकट. मावशींनी लेक तिच्या उघड्या छातीवर ठेवली तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि तिचं बघून मीही.

मावशी पुन्हा पहिल्यासारख्या कामाला लागल्या, पण अगदी पहिल्यासारख्या नाही. बेसिनपाशी त्यांना वेळ लागायला लागला. साबण धुऊन गेल्यावरही त्या पाण्याखाली हात धरून उभ्या राहायच्या, तळहातांकडे बघत. गच्चीवर जे विचारलं ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

मुलगी घरी जायचा दिवस आला. वजन भरलं होतं, गाल आले होते. नवरा टेम्पो घेऊन खाली थांबला होता. ती पोर लेकीला कुंचीत गुंडाळून, छातीशी धरून सगळ्यांचा निरोप घेत मावशींपाशी आली, लेकीला एका हातात तोलून धरलं आणि पाया पडायला वाकली. मावशी झटकन मागे सरकल्या.

“आदी लेकरू सिस्टरकडं दे,” मावशी म्हणाल्या. “माज्या पायाला हात लावशील, आन् त्याच हातानं हिला धरशील.”

त्या पोरीने लेक माझ्याकडे दिली. मग वाकली आणि दोन्ही हातांनी मावशींच्या पायांना स्पर्श केला. मावशींनी तिला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि तिला घेऊन बेसिनकडे वळल्या. दोघींनी एकाच नळाखाली हात धुतले. या खेपेला मावशी पाण्याखाली हात धरून थांबल्या नाहीत. त्यांनी कोपराने नळ बंद केला, माझ्यापाशी आल्या आणि ओले हात पुढे केले.

“द्या,” म्हणाल्या, “तिच्या आईकडं म्या देते.”